बिअरची संग्रहालयं : न पिणाऱ्या आईबाबांसोबत केलेली भटकंती

गिरणीवाल्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा पहिल्यांदा आमच्याकडे नुरेंबर्गला आले होते, अडीच महिने राहिले. घर माळकरी. बाबांनी अक्कलकोटजवळच्या आमच्या गावात छत्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. त्यांना युरोपात काय दाखवायचं याची मी मोठी यादी केली होती. त्या यादीत बिअरचं संग्रहालय अर्थातच नव्हतं. पण परत जाताना विमानतळावर बाबांना विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं, तर म्हणाले, "ती ब्रुसेल्सची गिरणी."

ती गिरणी म्हणजे कांतियों. ब्रुसेल्सच्या मिडी स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, आंदरलेख्त भागातल्या एका साध्या गल्लीत आहे. १९०० साली सुरू झालेला घरगुती बिअर कारखाना. १९७८ पासून तो संग्रहालय म्हणूनही खुला आहे, पण कारखाना बंद पडून संग्रहालय झालेलं नाही. काम चालू आहे आणि आपण त्या कामातून फिरतो. नवऱ्याला तिथे जायचं होतं. मी आणि आईबाबांनी जवळच कुठेतरी बसायचं असं ठरलं होतं. दारातून बाबांना आतला पट्टा आणि पुली दिसली आणि ते थांबले. "मी बी येतो की. यंत्र बघायला काय हरकत आहे?"

वरच्या मजल्यावर धान्य भरडायचं जुनं यंत्र आहे. बाबा त्याच्यापुढे किती वेळ उभे होते ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण आमच्या मागून आलेले दोन गट पुढे गेले. मग मला म्हणाले, "हे दळत नाहीत गं, भरडतात." मी तेरा वर्षं या देशांत राहते, बिअरबद्दल पुष्कळ वाचलंय, पण ही गोष्ट इतक्या सरळ कोणी सांगितली नव्हती. सातूचा, म्हणजे बार्लीचा, दाणा फुटला पाहिजे, पण वरचं फोलपट शक्यतो अखंड राहिलं पाहिजे. पुढे गरम पाण्यात हे सगळं कालवून रस गाळायचा असतो, तेव्हा तीच फोलपटं तळाशी बसून गाळणीचं काम करतात. बारीक पीठ केलं तर सगळा लगदा होऊन बसतो, रस खाली उतरतच नाही. बाबांनी हे कुठे वाचलं नव्हतं. दोन रोलरमधली फट बघून त्यांनी ओळखलं.

आईला मात्र पोटमाळ्यानं बांधून ठेवलं. तिथे तांब्याचं एक भलंमोठं, उथळ, परातीसारखं भांडं आहे, सुमारे साडेसात हजार लिटरचं. उकळलेला रस संध्याकाळी त्यात सोडतात आणि रात्रभर उघडा ठेवतात. बाहेरची हवा आत येते, हवेतले आणि त्या जुन्या लाकडांत मुरलेले जीव त्यात उतरतात आणि आंबायला सुरुवात होते. वेगळं यीस्ट घालत नाहीत. म्हणून हे काम फक्त थंडीत होतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार असतात. आम्ही गेलो तेव्हा परात रिकामी होती.

मी हे मराठीत सांगत होते. आईनं मध्येच विचारलं, "म्हणजे विरजण लावतच नाहीत?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, "मग वेळाअमावस्येच्या आंबिलीला आपण तरी काय लावतो? त्याच मडक्यात करतो. मडकं बदललं की आंबील बिघडते." कांतियोंचे लोक अगदी हेच सांगतात! त्यांनी छपराची कौलं, लाकडं सांभाळून ठेवली आहेत, कारण त्यांची चव तिथे राहते. कोळ्यांची जाळीही काढत नाहीत. पिंपांतून फळांचा वास सुटतो, त्यावर चिलटं येतात आणि कोळी त्यांना खातात. औषध मारायची गरज पडत नाही.

तळघरात पिंपांच्या रांगा आहेत, त्यांवर खडूनं तारखा. लँबिक नावाची ही बिअर एक, दोन, तीन वर्षं तशीच मुरते. मग वेगवेगळ्या वयाच्या पिंपांतली एकत्र करून बाटलीत भरतात. कोवळ्या बिअरमध्ये थोडी साखर उरलेली असते, ती बाटलीत पुन्हा फसफसते. त्याला ग्यूझ म्हणतात. शेवटी चव देतात. नवऱ्यानं घेतली. आईबाबांनी घेतली नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. बाबांनी नुसता पेला हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "चिंचेच्या कोळासारखा आंबूस आहे."

त्या दिवसानंतर बाबांनीच मागे लागून आणखी ठिकाणं काढायला लावली.

नुरेंबर्गहून पिल्सेन दोनेकशे किलोमीटर. चेक प्रजासत्ताकातलं हे गाव म्हणजे सोनेरी बिअरचं जन्मगाव. जगात आज पिल्सनर म्हणून जे काही विकलं जातं त्याचं मूळ इथलं. गोष्ट अशी की १८३८ साली गावातल्या बिअरची प्रत इतकी घसरली की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. बिअर बनवायचा हक्क असलेल्या नागरिकांनी मग एकत्र येऊन मोठा कारखाना काढला, बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला आणि त्यानं ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा लावला. फिकट भाजलेला सातू, झाटेट्स भागातले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलाची फुलं), थंड तळघर आणि इथलं मऊ पाणी.

पाण्याच्या मुद्द्यावर बाबांनी मान हलवली. आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हा आमच्या घरातला रोजचा विषय. पाण्यातले क्षार बदलले की धान्य वेगळं वागतं हे त्यांना पटवावं लागलं नाही.

पिल्सेनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. एक, पिल्सनर उर्केलचा चालू कारखाना. तिथे वाळूच्या दगडात खोदलेली जवळजवळ नऊ किलोमीटरची तळघरं आहेत. पूर्वी हिवाळ्यात बर्फ भरून ती थंड ठेवत. आजही तिथे ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर चाखायला देतात आणि पिंपं बनवणारे, दुरुस्त करणारे सुतार अजून कामावर आहेत. दुसरं, गावातलं जुनं बिअर संग्रहालय, १९५९ साली स्थापन झालेलं, बिअरचा हक्क असलेल्या एका मध्ययुगीन घरात. मला हे दुसरं जास्त जवळचं वाटलं. तिथे सातूला मोड आणायची जुनी जागा आहे. सातू भिजवायचा, फरशीवर पसरायचा, चार-पाच दिवस लाकडी फावड्यानं उलथत राहायचं, मोड आले की भट्टीवर वाळवायचा. आईचं म्हणणं, "आपण नाचणीचं सत्त्व करतो ते हेच की." अगदी हेच. मोड आले की दाण्यातला पिष्टाचा साठा साखरेत बदलण्याची तयारी होते. बाळाला ते पचायला सोपं जातं आणि यीस्टलाही.

ते फावडं मी हातात धरून पाहिलं. दांडा मधोमध घासून खोलगट झालाय, दोन हात बसतील असे दोन खळगे. कोणाचे हात ते कुठे लिहिलेलं नाही.

बांबर्गला सेंट मायकेलच्या जुन्या मठात फ्रँकोनियाचं बिअर संग्रहालय आहे. तिथली खासियत म्हणजे बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेला सातू. बाबांनी मूठभर नाकाशी नेला आणि म्हणाले, "हुरडा!" म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्टचं संग्रहालय आहे, शहरातल्या सर्वांत जुन्या घरांपैकी एकात. घर सुंदर आहे, लाकडी जिना बघण्यासारखा. बाकी घाईत पाहिलं.

एका मोठ्या शहरातल्या प्रसिद्ध ठिकाणी मात्र निराशा झाली, नाव नको. चौघांचं तिकीट भरलं आणि आत पडदे, दिवे, संगीत आणि दुकान. धान्याचा एक दाणा हाताला लागला नाही. बाबा बाकावर बसून राहिले.

मला मनापासून वाटतं, बिअरचं संग्रहालय म्हणजे पिणाऱ्यांची जागा असं समजून आपल्याकडची माणसं टाळतात, आणि धान्य, पाणी, विरजण, लाकूडकाम, मजुरी यांचं एक उत्तम दालन त्यांच्या हातून सुटतं. तुमच्यापैकी कोण कुठे गेलंय? लिहा ना.

---

लिफीकाठचा

ताई, फार सुंदर लिहिलंय. "दळत नाहीत, भरडतात" हे मी लक्षात ठेवणार.

डब्लिनमध्ये नऊ वर्षं आहे, त्यामुळे पाहुण्यांबरोबर गिनेस स्टोअरहाऊसला जाणं मोजायचं सोडून दिलंय. १९०४ साली बिअर आंबवण्यासाठी बांधलेली सात मजली इमारत, २००० साली लोकांसाठी उघडली. मधला चौक काचेच्या पाइंट ग्लासच्या आकाराचा आहे. आर्थर गिनेसनं १७५९ च्या शेवटच्या दिवशी ही जागा वर्षाला ४५ पौंडांवर ९००० वर्षांच्या करारानं घेतली. तो करार तळमजल्यावर पायाखालच्या काचेत दिसतो.

तुम्ही म्हणता तसे पडदे आणि दिवे इथेही भरपूर आहेत, ते नाकारत नाही. पण पिंपं बनवणाऱ्यांचा विभाग चुकवू नका. जुनी फिल्म लावलेली असते. माणूस मोजपट्टी न वापरता, नुसत्या नजरेनं फळ्या तासतो, विस्तवावर वाकवतो, कडं ठोकतो आणि पिंपातून थेंब गळत नाही. माझे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे, लोखंडी धाव तापवून चढवायचे. मी ती फिल्म प्रत्येक वेळी पूर्ण बघतो.

शिवाय गणित शिकवणाऱ्या मंडळींसाठी : संख्याशास्त्रातली स्टुडंट्स टी-टेस्ट याच कारखान्यात जन्मली. विल्यम गॉसेट इथे १८९९ पासून नोकरीला होता. सातूचे, हॉप्सचे मोजकेच नमुने हातात असताना कोणता वाण चांगला हे कसं ठरवायचं हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नसे, म्हणून १९०८ चा निबंध त्यानं "स्टुडंट" या नावानं छापला.

---

अर्धा_कप

वाचतेय. दोन प्रश्न. मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत, नेता येतं का? आणि मुलांना हे दाखवावं का, याबद्दल तुम्हा सगळ्यांना काय वाटतं?

---

लिफीकाठचा

डब्लिनला मोठ्यांबरोबर मुलांना प्रवेश आहे, त्यांना वेगळं थंड पेय मिळतं. माझ्या मुलीला तिथला भाजलेल्या सातूचा वास आवडतो. गिनेसचा काळा रंग त्या भाजण्यामुळेच येतो, २३२ अंश सेल्सिअसवर भाजतात. कॉफीसारखा वास. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरोघरी वेगळं असणार, मी माझं लादणार नाही.

---

सावली_८१

मला थोडं वेगळं बोलायचंय. धागालेखिकेवर टीका नाही, लेख आवडला, आईबाबांचं वर्णन वाचून डोळे भरून आले.

पण माझा सख्खा भाऊ दारूत गेला. सुरुवात बिअरनंच झाली होती, "बिअर म्हणजे काय दारू असते का" असं म्हणत. त्यामुळे अशा संग्रहालयांत गेल्यावर मला जे दिसत नाही त्याचाच विचार येतो. मी अशी दोन ठिकाणं पाहिलीत, नोकरीच्या सहलीत. जाहिरातींचं दालन होतं, जुन्या ग्लासांचं होतं, फुटबॉलचं होतं. रात्री उशिरा वाट बघत बसणाऱ्या घरच्यांचं एकही चित्र नव्हतं. एक भिंत तरी असावी. माझी मागणी एवढीच आहे.

---

गिरणीवाल्याची_लेक

सावलीताई, तुमचं दुःख वाचून गप्प बसले होते काल. तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

तुमचं म्हणणं पूर्ण पटतं. मी पाहिलेल्या ठिकाणांपैकी कुठेच तशी भिंत मला आठवत नाही, आणि तुम्ही लिहीपर्यंत तिची उणीव मला जाणवलीही नव्हती. एका कारखान्याच्या इतिहासात कामगारांना पगाराबरोबर रोजची बिअर मिळे हे कौतुकानं लिहिलेलं वाचलं होतं. आता वाटतं, तिथेच पुढचा परिच्छेद हवा होता. त्या कामगारांचं पुढे काय झालं याचा.

बाबांनीही पहिल्याच दिवशी नवऱ्याला शांतपणे सांगितलं होतं, "यंत्र चांगलं आहे. कारागीर चांगला आहे. पिणं वेगळी गोष्ट." मी तिन्ही वाक्यं एकत्र ठेवते.

---

उत्तरध्रुव

कोपनहेगनहून. विरजणाचा विषय निघालाय म्हणून राहवलं नाही, कारण माझा व्यवसायच सूक्ष्मजीवांचा.

कांतियोंत हवेतून येईल ते घेतात. कार्ल्सबर्गनं बरोबर उलट केलं. जे. सी. याकोबसेन यानं १८४७ साली कोपनहेगनच्या बाहेर कारखाना काढला आणि मुलाच्या, कार्लच्या, नावावरून त्याला नाव दिलं. त्याआधी त्यानं म्युनिकहून यीस्ट आणलं होतं. घोडागाडीच्या प्रवासात दर थांब्यावर डब्यावर गार पाणी ओतत ते जिवंत ठेवलं असं इथे सांगतात. सासरी जाताना विरजणाची कवडी जपून नेणाऱ्या आपल्या आज्या मला आठवतात.

तरी बिअर अधूनमधून बिघडायचीच. १८७५ साली त्यानं प्रयोगशाळा काढली. तिथे एमिल ख्रिश्चन हान्सेन यानं १८८३ मध्ये दाखवलं की आपण एक यीस्ट म्हणतो त्यात चांगल्या-वाईट अनेक जाती मिसळलेल्या असतात. एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध विरजण वाढवता येतं. आणि, हे मला सर्वांत मोठं वाटतं, याकोबसेननं ते विरजण आणि पद्धत इतर कारखान्यांना मोकळी दिली. दडवून ठेवली नाही. याच प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सोरेनसेन यानं आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी मांडली. आज आपण स्विमिंग पूलपासून शेतातल्या मातीपर्यंत ज्या आकड्यात बोलतो तो आकडा बिअरच्या कारखान्यातला आहे. १८८३ चीच केल्डाल पद्धतही इथली, धान्यातली प्रथिनं मोजायची. विद्यार्थी असताना पुण्यात हातानं केलीय, तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की हा माणूस सातू तपासत होता.

संग्रहालयाच्या वाटेवर हत्तींचं दार लागतं, १९०१ चं. चार दगडी हत्ती इमारत पाठीवर पेलतात आणि त्यांच्या झुलींवर स्वस्तिक आहे. भारतातून आलेले पाहुणे तिथे हमखास चमकतात. ते कार्ल्सबर्गचं जुनं शुभचिन्ह होतं. जर्मनीत त्याचा जो वापर झाला त्यानंतर कंपनीनं ते बाटल्यांवरून काढलं, हत्तींवरचं मात्र राहू दिलं.

---

द्राक्षबागायतदार

उत्तरध्रुव, प्रतिसाद वाचून धन्य झालो. मी विद्यार्थीही नाही आणि पीतही नाही, निफाडचा शेतकरी आहे. अभ्यासदौऱ्यात झाटेट्सला गेलो होतो, तिथे हॉप्सचं संग्रहालय आहे. धाग्यात हॉप्सचा उल्लेख ओझरता आलाय, म्हणून लिहितो.

हॉप्सचा वेल असतो. मांडव आपल्या द्राक्षासारखा आडवा नाही, उभा. सात-आठ मीटर उंच खांब आणि वरून सोडलेल्या तारा. वेल दरवर्षी जमिनीपासून वर चढतो, काढणीला पूर्ण वेल खाली ओढतात. मूळ मात्र जमिनीत राहतं, वर्षानुवर्षं. नर आणि मादी झाडं वेगळी, बिअरला मादीची फुलं लागतात. फूल चुरगळलं की आत पिवळी भुकटी असते, बोटांना चिकटते, वास कडवट आणि लिंबाच्या सालीसारखा. बिअरला कडूपणा तोच देतो आणि ती टिकते त्यातही त्याचा हात आहे.

संग्रहालय जुन्या गोदामात आहे, लाकडी खांबांची रांगच्या रांग. हॉप्स वाळवायचे, गंधकाची धुरी द्यायची आणि गोणीत पायानं दाबून भरायचे, हे सगळं दाखवलंय. धुरी म्हटल्यावर आमच्या गटातले सगळे पुढे सरकले, बेदाण्याला आम्ही तेच करतो. झाटेट्सची ती शेतं आणि गोदामं २०२३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. शेती यादीत जाते, हे बघून बरं वाटलं. आमच्याकडे जुना मांडव मोडला की लाकूड जळणाला जातं.

---

देवळालीचा_दिनू

निफाडकर दादा, नमस्कार. नाशिकचा विषय निघाला म्हणून थोडं अवांतर, पण बिअरशी जोडलेलं.

इंग्रजी सैनिकांचा देवळालीला मोठा तळ होता. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत महिनोन् महिने इथे पडून राहायचे, उन्हानं, तापानं, रिकामपणानं डोकं फिरायचं. त्यावरून "डूलाली" हा शब्द इंग्रजीत वेडसर या अर्थानं रूढ झाला. २००९ साली पुण्यात मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारा छोटा कारखाना, निघाली, देशातल्या सुरुवातीच्यांपैकी एक. तिनं हेच नाव घेतलं.

त्या सैनिकांसाठी आणि साहेबांसाठी मुंबईला बिअर यायची ती विलायतेहून. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिने पिंपात हिंदकळत. त्यासाठी हॉप्स जास्त घातलेली फिकट बिअर पाठवत, तिचंच नाव पुढे इंडिया पेल एल पडलं. आधी लंडनच्या हॉजसनचा जोर होता, १८२० नंतर इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या कारखान्यांनी बाजार घेतला. बर्टनचं पाणी पिल्सेनच्या उलट, जिप्समनं भरलेलं, जड. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठून येतो. लेखिकेच्या बाबांना सांगा, जड पाण्यात डाळ शिजत नसली तरी ही बिअर जमते.

बर्टनला १९७७ पासून फार चांगलं संग्रहालय होतं, मी २०१९ मध्ये पाहिलं. वाफेचं इंजिन, गाडीचे थोराड घोडे, आणि जुन्या नोंदी. मुंबई, कलकत्ता ही नावं त्या इतिहासात वाचताना अंगावर काटा आला. २०२२ मध्ये ती जागा बंद झाली. फार वाईट वाटलं. असं ठिकाण बंद झालं की यंत्रं कुठेतरी गोदामात राहतीलही, पण ती त्या जागेवर चालू असताना ऐकू येणारा आवाज जातो.

---

अर्धा_कप

आपल्याकडे असं काहीच नाही का? म्हणजे बिअर नाही तर आपलं स्वतःचं काही?

---

काजूचो_बोंडू

आहे की! गोव्यात या. कांदोळीला २०२१ साली फेणीचं संग्रहालय उघडलं. एका माणसानं जन्मभर जमवलेल्या जुन्या बाटल्या, गराफे, मापं, मातीची भांडी. गराफा म्हणजे वेताचं विणकाम चढवलेली काचेची मोठी बुदली. आमच्या आजीच्या घरात होती, लग्नकार्याला निघायची.

पण मी म्हणेन, एप्रिलमध्ये खरी भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, बघा. सत्तरी, केपे भागात आजही चालू असतात. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडाचा पाडायचा नाही, पडलेला वेचायचा, कारण पिकला की तो आपोआप पडतो. बिया वेगळ्या काढायच्या, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, पायानं तुडवायचे, रस आंबायला ठेवायचा. इथेही विरजण नाही, आईंनी सांगितलं तसंच. मग भाटीवर चढवायचा, पहिल्या धारेची उर्राक आणि ती पुन्हा चढवली की फेणी. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं.

मला वाईट याचं वाटतं की भाटी लावणारी पुढची पिढी कमी होत चाललीय. माझे काका शेवटचे. त्यांच्यानंतर ती मडकी कुठे जाणार, माहीत नाही. त्या संग्रहालयात गेलो तेव्हा काकांना नेलं होतं. काचेमागचं मडकं बघून म्हणाले, "हें अजून चलता."

---

होक्काइदो_डायरी

जपानमध्ये सात वर्षं होते. साप्पोरोचं बिअर संग्रहालय लाल विटांच्या इमारतीत आहे. १८९० साली ती साखर कारखाना म्हणून बांधली होती. बिअरचा कारखाना त्याआधीचा, १८७६ चा, सरकारनंच काढलेला, आणि पहिला कारागीर सेइबेई नाकागावा जर्मनीत शिकून आलेला. होक्काइदो का निवडलं, तर सातू पिकत होता आणि बर्फ भरपूर होता. साधं पाहायला प्रवेश मोफत. जानेवारीत गेले, बाहेर गुडघाभर बर्फ. बर्फ हा कच्चा माल असतो हे त्या दिवशी कळलं.

सावलीताई, तुमचा प्रतिसाद सारखा आठवतोय. तुम्ही बोललात ते फार बरं केलंत.

---

अनुभवी_गुडघे

लेखिकेला एक व्यवहारातला प्रश्न. मी ६८ वर्षांचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तुमच्या आईबाबांना जिने जमले का? पुढच्या मे महिन्यात मुलाकडे जाणार आहे.

---

गिरणीवाल्याची_लेक

काका, कांतियोंचे जिने लाकडी, अरुंद आणि चढे आहेत. आई कठडा धरून, एकेक पायरी करत चढली, खाली उतरायला जास्त वेळ लागला. गर्दी नसते तेव्हा, म्हणजे सकाळी उघडल्या उघडल्या जा. पिल्सेनच्या तळघरात मे महिन्यातही स्वेटर लागेल, जमीन ओली असते, रबरी तळव्याचे बूट घाला. गावातल्या जुन्या संग्रहालयातही पायऱ्या आहेत, पण मध्ये मध्ये बसता येतं. डब्लिनला लिफ्ट आहे ना, लिफीकाठचा?

आणि मे महिन्यात कांतियोंची परात रिकामी असेल. भरलेली बघायची असेल तर थंडीतच जावं लागेल. आमचंही तेच राहिलंय.

---

लिफीकाठचा

हो, लिफ्ट आहे. काका, डब्लिनला आलात तर कळवा, मी बरोबर येईन.

---

रव्याचा_लाडू

गि. ले., खूप दिवसांनी इतका सकस धागा वाचला. एक विचारू? मोड आणून वाळवलेला सातू तुम्ही घरी आणलात का? इकडे पुण्यात मिळत असेल तर मला भाजणीत घालून बघायचाय.

---

गिरणीवाल्याची_लेक

आणला! घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी इथे वेगळी दुकानं असतात, तिथे किलोवर सुटा मिळतो. बाबांनी दाताखाली दाणा फोडून दोन प्रकार निवडले, एक फिकट आणि एक थोडा जास्त भाजलेला. आईनं फिकट सातू ज्वारी, हरभराडाळ, धणे यांच्याबरोबर हलकासा परतून मिक्सरवर काढला आणि धपाटे केले. गूळ-साखर काही न घालता गोडसर लागले, मोडांमुळे. मुलांनी दह्याबरोबर खाल्ले. प्रमाण चार वाट्या ज्वारीला एक वाटी सातू, त्याहून जास्त नको, धपाटा फाटतो.

फोलपटं मात्र दातात येतात. मिक्सरनंतर चाळून घ्या. बाबांचं म्हणणं, चाळण्यापेक्षा आधी जाडसर भरडून पाखडावं आणि मग दळावं. त्यांनी तसं करून दिलं तेव्हा एकही फोलपट आलं नाही.